काढलेली अवतरणचिन्हं

मंगळवार, ४ मार्च

चोवीस ओळींच्या गाण्यात अकरा चुका. भाची दुपारी पेपरच्या ऑफिसात आली, माझा अर्धा डबा संपवला आणि मग कागद पुढे केला. "मामा, ऱ्हस्व-दीर्घ बघून दे. कार्यक्रमात वाटायचाय." घरात सगळ्यात धाकटी म्हणून ती बारकी. आता एकोणतीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते आणि तिघांच्या रॉक बँडमध्ये गाते.

"वाचून रागावशील का?"

"मला 'आणि' दीर्घ लिहिला तरच राग येतो."

गाणं प्रार्थनामंदिराच्या विश्वस्तांवर आहे. तेवीस वर्षांपूर्वी तिथे प्रार्थना चालू असताना वरचा सज्जा कोसळला, नऊ माणसं गेली. जबाब कोणी दिला नाही. गाणं तोच मागतं. मी मात्र लाल पेन घेऊन बसलो होतो, म्हणजे अर्थाकडे लक्ष नव्हतं. तेहतीस वर्षांची खोड. अक्षरं दिसतात, वाक्य दिसत नाही. अकरा चुका काढल्या, शिवाय ध्रुवपदातली दोन अवतरणचिन्हं उडवली. कवितेत ती चिन्हं दातात अडकलेल्या काडीसारखी दिसतात.

वीस मिनिटांत कागद परत. पुरवणीचं पान वेळेत गेलं.

बुधवार, ५ मार्च

बारकीचा फोन. "मामा, तू ती चिन्हं का काढलीस? आमची कवळी भडकली आहे."

कवळी म्हणजे त्यांची ड्रम वाजवणारी. दिवसा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, म्हणून हे नाव. गाण्याचे शब्द तिचे आहेत, हे मला माहीत नव्हतं.

"चिन्हांवरून भडकते? मग आमच्याकडे नोकरीला पाठव तिला."

"ती म्हणते, ते शब्द आमचे नाहीत, म्हणून चिन्हं आहेत. शनिवारी सरावाला ये. ऐकल्यावर कळेल."

शुक्रवार, ७ मार्च

बायकोला म्हटलं, उद्या दुपारी मी नाही. कुठे, ते सांगितलं. कसलं गाणं, तेही. ही दर रविवारी प्रार्थनेला जाते. तरुणपणी तिथे सेवेकरी होती. सज्जा पडला त्या दिवशीही सेवेवर होती. खालच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. त्यानंतर सेवा सोडली, जाणं सोडलं नाही.

ऐकून ही भाजी निवडत राहिली.

शनिवार, ८ मार्च

जे ऐकलं ते लिहून ठेवतो. लिहिता येईल असं वाटत नाही, पण तरीही.

टायरच्या गोदामाच्या वरची खोली. भिंतींना जुन्या गाद्या बांधलेल्या, एका गादीवर कुणाच्या तरी लहानपणीचा डाग. खिडकीत पुठ्ठा. गिटारवाला शाळेत गणित शिकवतो, त्याला दोघी मास्तर म्हणतात. मास्तरने मला बसायला उलटी बादली दिली आणि कानात घालायला कापूस. "सर, पहिल्या कडव्याला घाला, दुसऱ्याला काढावासा वाटेल." कापूस मी पहिल्याच कडव्याला काढला.

ही गाणी मला कळत नाहीत. मला ती आजवर कारखान्याचा पट्टा निसटल्यासारखी वाटायची. आज कळलं की पट्टा निसटत नाही. तो मुद्दाम तिथवर ताणतात आणि नेमका तुटायच्या आधी थांबवतात. मास्तरच्या गिटारीचा आवाज कानातून आत आला नाही, बादलीतून आला. बारकी, जी माझ्या मांडीवर बसून बाराखडी शिकली, ती डोळे मिटून, दोन्ही पायांवर सारखी उभी राहून गात होती, दारात उभं राहून जाब विचारावा तशी:

देवाला आम्ही विचारत नाही,
तो बिचारा सज्जे बांधत नाही.
नकाशा कुणाचा? वीट कुणाची?

मग वाद्यं थांबली. कवळीने ड्रमच्या कडेवर काठी मारली, दोनदा. टक्-टक्. बारकी गायली नाही, सपाट आवाजात बोलली: "परमेश्वराचे बोलावणे." पुन्हा कडेवर दोनदा. टक्-टक्. आणि मग तिघं मिळून, गाद्या हलतील अशा आवाजात:

सही कुणाची? सही कुणाची?

त्या टक्-टक् म्हणजे अवतरणचिन्हं! ती मुलगी अवतरणचिन्हं वाजवते. मी आयुष्यभर चिन्हं लावली आणि काढली, ती ऐकू येऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. अजूनही हात बघतो तर आहेच.

तिसऱ्या कडव्यानंतर सोळा मात्रा काहीच नाही. कवळी काठ्या वर धरून थांबते, तिघंही थांबतात. मला वाटलं चुकले. मास्तर नंतर म्हणाला, "उत्तरासाठी जागा सोडली आहे. त्यांनी दिलं तर तिथे घालू. कडवं मोकळंच आहे." कोऱ्या रकान्याची धास्ती घेऊन जगलेला माणूस मी. यांनी रकाना मुद्दाम कोरा सोडलाय आणि तो सगळ्या गाण्याहून मोठा वाजतो.

संपल्यावर बराच वेळ बादलीवरून उठलो नाही. कवळी समोर आली. किडकिडीत, बोटांना मेण लागलेलं, आवाज अगदी हळू.

"काका, आता कळलं ना, का काढायची नाहीत?"

"कळलं."

"शब्द विश्वस्तांच्या निवेदनातले. पेपरवाल्यांनी चिन्हं काढली होती. मी परत घातली."

आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपलेलं एक कात्रण काढलं. तिचे वडील त्या नऊ जणांत होते. ती पाच वर्षांची होती. वडिलांचं नाव छापून आलेला हा एकच कागद तिच्याकडे आहे. वर दोन ओळींचा मथळा:

नऊ जणांना
परमेश्वराचे बोलावणे

आमचा पेपर. आमचं पहिलं पान. मी म्हटलं, "जपून ठेव."

रविवार, ९ मार्च

ही प्रार्थनेला गेली. मी घरात एकटा. शब्द ओळखीचे वाटतात ते प्रार्थनामंदिरातल्या स्मरणशिळेमुळे, असं दिवसभर स्वतःला समजावलं. नावांच्या वर तेच शब्द कोरलेत, सगळ्या गावाला ते पाठ आहेत.

पण दोन ओळींचं ते तोडणं माझं आहे. 'नऊ जणांना' वर एकटं ठेवून बाकीचा मथळा खाली उतरवणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही.

सोमवार, १० मार्च

माळ्यावरून त्या वर्षीची बांधलेली फाइल काढवली. पान सापडलं. आणि पानाबरोबर ती संध्याकाळही.

विश्वस्तांचं निवेदन आलं होतं. त्यात वाक्य होतं: या नऊ जणांना परमेश्वराचे बोलावणे आले. पान छपाईला सोडायला पंधरा मिनिटं होती. मी लिहिलं: नऊ जणांना 'परमेश्वराचे बोलावणे' – विश्वस्त. रकान्यात बसेना. आधी 'विश्वस्त' गेलं. तरी अर्धं अक्षर बाहेर. अक्षराचा आकार कमी करायला मुख्य उपसंपादक तयार नव्हते. मग चिन्हं गेली. बसलं! काय सुटल्यासारखं वाटलं होतं, तेसुद्धा आठवलं. मुख्य म्हणाले होते, छान उतरलाय.

चिन्हं होती तोवर ते विश्वस्तांचं म्हणणं होतं. काढली आणि ती बातमी झाली. पेपरनेच सांगितलं की देवाने बोलावलं. मग चौकशी कुणाची करायची?

तसा दिवसाला वीस मथळे द्यायचो. हा विसरलो होतो.

मंगळवार, ११ मार्च

दुपारी शिळा बघायला गेलो. आजवर हिच्याबरोबर गेलो तेव्हा चपला काढण्याच्या घाईत नुसता बाजूने गेलो आहे. आज समोर उभा राहिलो.

पांढरा दगड, खोल अक्षरं. माझा मथळा, माझ्याच दोन ओळींत तोडलेला. खाली नऊ नावं. पाचवं कवळीच्या वडिलांचं, आडनाव तिचंच. तारीख आहे. शिळा कुणी बसवली ते नाही. आमच्या कामाची रद्दी दुसऱ्या दिवशी होते, हाच या धंद्याचा दिलासा. मी लिहिलेली एकच गोष्ट दगडात गेली आणि ती चुकीची.

वर पाहिलं. नवा सज्जा बांधलाय, चांगला रुंद. झुंबरं, उंच छत, गार शांतता. आत माणसं डोळे मिटून बसली होती, त्यांच्या चेहऱ्यांवर असं काही होतं की मला हेवा वाटला. हे खोटं नाही. गाणंही त्यांच्याविरुद्ध नाही. एवढं मोठं छत, एवढी श्रद्धा, आणि एका साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला एक खुर्ची नाही.

बुधवार, १२ मार्च

दिवसभर काम. एकही मथळा धड जमला नाही.

गुरुवार, १३ मार्च

हिला सांगितलं. सगळं, अर्ध्या अक्षरासकट.

ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, मी दर रविवारी ते वाचते. तुमचं असेल असं कधी मनात आलं नाही."

"माझ्याही नाही."

"त्या मुलीला सांगणार?"

"सांगायला हवं."

"हवंच." मग विचारलं, "गाण्यात देवाला शिव्या आहेत?"

"एकही नाही. देवाला तर बिचारा म्हटलंय."

ही किंचित हसली. आज एवढंच.

शुक्रवार, १४ मार्च

कवळीच्या प्रयोगशाळेत गेलो. लांबट खोली, चार टेबलं, प्रत्येकावर दिवा आणि दिव्याखाली जबडे. ती खालच्या कवळीचे दात मेणात बसवत होती. मी उभ्यानेच सांगितलं. म्हटलं, मथळा मी दिला होता, चिन्हं मी काढली. आणि परवा तुझ्या गाण्यातून पुन्हा काढली, न बघता.

तिने वर पाहिलं नाही. हातातला दात बसवून पूर्ण केला. मग विचारलं, "किती जागा कमी पडत होती?"

"अर्ध्या अक्षराची."

"म्हणजे केवढी?"

मी बोटांनी दाखवलं. तिने चिमट्यात मेणाची एक पापुद्र्याएवढी चकती धरली. "एवढी?"

"साधारण."

"आमच्याकडे एवढं चुकलं ना काका, तर माणसाला जेवता येत नाही. कवळी परत येते, चिठ्ठी लावून." तिने एक डबी उलटी केली. तळाशी आकडा होता. "हा माझा नंबर. सात. कुणी केली ते डबीवरच असतं. सातने चूक केली, सातने दुरुस्त करायची. कुणी आरडाओरडा करत नाही, कुणाला फाशी देत नाही. फक्त कुणाची ते कळतं."

गाण्याचं दुसरं कडवं कुठून आलं ते आज कळलं.

गाडी घसरली, चालक सांगतो,
पूल खचला, मुकादम सांगतो,
दात दुखला तर सातवा सांगतो,
तुमच्या घरात कोण सांगतो?

मी 'सातवा'खाली लाल रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मग तिने मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. सज्जा त्या दिवशी बंद होता. तडे गेले होते, म्हणून जिन्याला साखळी आणि कुलूप. विश्वस्तांनी स्वतःच स्वतःची चौकशी केली आणि अहवालात एक ओळ लिहिली: जमावाने कुलूप तोडले. अहवाल कुणाला दाखवला नाही, पण ती ओळ त्यांच्या वस्तीत फिरली. आणि तिचे वडील कुलपं दुरुस्त करायचे, चौकात टपरी होती.

"मग काय, सगळ्यांना सोपं झालं. वरच्या माणसांत कुलूपवाला एकच. आईला बाजारात बायका तोंडावर म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याने नऊ जणांना मारलं. नऊमध्ये तो स्वतः धरून." हे बोलताना ती पुढचा दात निवडत होती. "ते हत्यारं घेऊन प्रार्थनेला जात नसत, काका. आई म्हणायची, जाताना खिशात रुमालसुद्धा नसायचा."

"मी काय करू?"

"तुमच्याकडे दुरुस्ती छापतात ना, चौकटीत?"

"छापतात."

"ती छापा. आणि खाली नाव घाला."

"दुरुस्तीखाली नाव नसतं."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तेच तर गाणं आहे."

परत येताना बस चुकली. चालत आलो. वाटेत हसू येत होतं आणि रडूही. एवढी अठ्ठावीस वर्षांची पोर, आणि तिच्यापुढे आपण विद्यार्थी.

रविवार, १६ मार्च

सभागृहाच्या व्यवस्थापकाला विश्वस्तांचं पत्र आलंय. भावना दुखावतात, गाणं वगळावं. पत्राखाली 'विश्वस्त मंडळ' एवढंच. सही नाही! मास्तरने ते पत्र आनंदाने चार जणांना दाखवलं. व्यवस्थापक त्याला म्हणाला, "शब्द जरा बदला की. 'सही'च्या जागी दुसरं काही?" मास्तर म्हणाला, "उत्तर आलं की शब्द बदलू. गणितात तसंच असतं."

व्यवस्थापकाने परवानगी रद्द केली नाही. त्याने स्वतःची सही करून होकार लिहून दिला. का, कोण जाणे. मास्तर म्हणतो, गाणं त्याने दोनदा ऐकलं होतं.

मंगळवार, १८ मार्च

संपादकांच्या केबिनमध्ये पाऊण तास. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत, मला अहो-जाहो करतात आणि माझं ऐकून घेतात, बहुतेक वेळा ऐकत नाहीत.

"तेवीस वर्षांनी दुरुस्ती? वाचकाला काय कळणार?"

"दगडावर आहे. वाचक अजून वाचतोय."

"मालकांचं आणि मुख्य विश्वस्तांचं घरचं जाणं-येणं आहे."

"दुरुस्ती आपली आहे. त्यांच्यावर एकही आरोप नाही. त्यांचे शब्द त्यांना परत करतोय, बस."

"मग सही कशाला? संस्थेची चूक ती संस्थेची."

"संस्थेला मथळा देता येत नाही. मी दिला."

ते म्हणाले, "तुमची तीन वर्षं राहिलीत. शांतपणे जावं असं वाटत नाही?"

खरं सांगितलं. म्हटलं, "तुम्ही ते गाणं ऐका. मग मला हेच विचारा."

त्यांनी खिडकीबाहेर बघत मजकूर मागितला. दोनदा वाचला. आपला नियम आहे, चूक ज्या पानावर दुरुस्ती त्या पानावर. म्हणजे पहिलं पान, हे त्यांच्याही लक्षात आलं. "खालचा कोपरा. चार ओळींच्या वर नाही. नाव..." कागद माझ्याकडे सरकवला. "घाला. रविवारी मी रजेवर आहे."

शुक्रवार, २१ मार्च

मजकूर सहाव्यांदा लिहिला. चार ओळी लिहायला मला कधी चार दिवस लागले नव्हते.

शनिवार, २२ मार्च

कार्यक्रम संध्याकाळी पाचचा. साडेतीनला ही कपाटातून चांगली साडी काढून तयार. "मी येते." बारकीला दारात बघून म्हणाली, "कानात कापूस लागतो म्हणे." बारकी म्हणाली, "मामी, तुला मी पहिल्या रांगेत बसवते, कापूस कमी पडेल."

सभागृह भरलं होतं. मुलं-मुली अपेक्षित होतीच, पण मागे पन्नाशीतली माणसंही होती, हात मांडीवर ठेवून, तपासणीला बसल्यासारखी. त्यातली काही मी परवा प्रार्थनामंदिरात डोळे मिटलेली पाहिली होती. कागद वाटले गेले होते. चिन्हं जागेवर होती.

गाणं सुरू झालं. तिथे गाद्या नव्हत्या, आवाज मोकळा सुटला आणि छताला जाऊन परत आला. दुसऱ्यांदा ऐकताना कमी वाटेल अशी भीती होती. उलट झालं. पहिल्या वेळी कवळीने टक्-टक् वाजवली तेव्हा लोक ऐकत राहिले. दुसऱ्या ध्रुवपदाला कुठल्या तरी कोपऱ्यातून तिच्याबरोबर दोन टाळ्या आल्या. तिसऱ्या वेळी सगळं सभागृह! पाचशे माणसांनी मिळून दोन टाळ्या, ते शब्द, पुन्हा दोन टाळ्या. पाचशे माणसांनी मिळून सांगितलं की हे शब्द आमचे नाहीत. माझ्या हयातीत मी एवढं अचूक मुद्रितशोधन पाहिलेलं नाही.

मग ती सोळा मात्रांची जागा.

काठ्या वर. कोणी खोकलं नाही. मागे कुठे दार करकरलं आणि थांबलं. मी मोजत होतो. सातव्या मात्रेला मला कळलं की सगळेच मोजतायत. नऊला कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी. कवळीचा चेहरा दिव्यात पांढरा, काठ्या केसभरही हलल्या नाहीत. मी हिच्याकडे पाहिलं. ही उभी होती. कधी उभी राहिली ते कळलंच नाही. तोंड उघडलं होतं, जणू कुणी नाव पुकारलंय आणि 'हजर' म्हणायचंय. सोळा. काठ्या खाली आल्या, आवाज कोसळला आणि ही बसली.

येताना रिक्षात एकदाच बोलली. "एवढी मोठी शांतता मी प्रार्थनेतसुद्धा ऐकली नाही."

रविवार, २३ मार्च

आलं. पहिलं पान, खालचा उजवा कोपरा, बारीक चौकट:

दुरुस्ती : तेवीस वर्षांपूर्वी याच पानावर 'परमेश्वराचे बोलावणे' असा मथळा प्रसिद्ध झाला. हे शब्द प्रार्थनामंदिराच्या विश्वस्त मंडळाच्या निवेदनातले होते, वृत्तपत्राचे नव्हते. अवतरणचिन्हे जागेअभावी मी काढली. त्या दिवशी सज्ज्याचा जिना कोणी खुला केला, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

आणि खाली माझं नाव, आडनावासकट. माझं नाव पहिल्या पानावर यायची तेहतीस वर्षांतली ही पहिली वेळ.

फोन सकाळपासून. एक शिवी, दोन शाबासक्या, एकाने शब्दकोड्यातली चूक सांगितली. आक्का, म्हणजे बारकीची आई, म्हणाली, "तुला या वयात काय सुचलं?" कवळीचा फोन नाही आला. निरोप आला, एका ओळीचा: आईला वाचून दाखवलं, तिने चष्मा लावून परत स्वतः वाचलं. बस. एवढ्यासाठी मी आणखी तेवीस वर्षं उपसंपादक राहायला तयार आहे.

हिने पेपर वाचला. घडी घालून मांडीवर ठेवला. प्रार्थनेची वेळ झाली, टळून गेली. ही गेली नाही. विचारलं तर म्हणाली, "आज नको."

दिवसभरात ती घडी तीनदा उलगडली, तीनदा मिटली. मला वाटलं, माझ्यावर रागावली.

सोमवार, २४ मार्च

सकाळी चहाचा कप बाजूला सारून ही समोर बसली. म्हणाली, "कुलूप कोणी तोडलं नाही. जिन्यापाशी मी सेवेवर होते, किल्ली माझ्याकडे होती. उघड आणि गर्दी वर सोड, असं मला सांगितलं. मी उघडलं, आणि नंतर तुझ्याकडे किल्ली नव्हतीच, असंही सांगितलं. ज्यांनी सांगितलं ते विश्वस्त अजून प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसतात."

मी खिशातलं पेन काढलं.

"कागद घ्या," ती म्हणाली. "आधी माझं नाव लिहा. मग त्यांचं."